‘विषय संपला!’ म्हटल्यावर विषय कुठे जातो?

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ४१. माझं एक पेटंट वाक्य आहे: ‘विषय संपला!’ मित्रांत आणि ऑफिसात मला त्यावरूनच ओळखतात. ग्रुपवर कुणी अडचण टाकली आणि मी मार्ग काढून दिला, की माझ्याआधी बाकीचेच लिहितात, ‘विषय संपला!’ हे वाक्य मी पहिल्या नोकरीतल्या एका सीनियरकडून उचललं. मी नवखा होतो, चुका करायचो. ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे, चूक निस्तरून द्यायचे आणि उठताना म्हणायचे, ‘झालं. विषय संपला.’

घरी मात्र याच वाक्यावरून वाजलंय. बायको म्हणते, ‘हे वाक्य मला आता ऐकवत नाही.’ गेल्या वर्षी तिला पुन्हा नोकरी धरायची होती. त्यावर आमचं बोलणं चाललं होतं, तेव्हाही मी हेच म्हणालो, असं ती सांगते. मला आठवत नाही. मला वाटायचं, ती उगाच ताणतेय. कारण ती स्वतः दिवसभर सिनेमातले डायलॉग मारत असते. दारात उभी राहिली की ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे ठरलेलं. मग माझ्याच वाक्याने काय घोडं मारलंय?

पण गेल्या आठवड्यात वेगळंच झालं. आमची मुलगी सात वर्षांची आहे. त्या दिवशी शाळेतून आली ती गप्प. आईने विचारलं, ‘काय झालं गं?’ तर म्हणाली, ‘काही नाही. विषय संपला.’ अगदी माझ्या सुरात, माझ्यासारखाच हात झटकून. मला हसू आलं. बायकोला आलं नाही, ती उठून आत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एवढ्याशा वाक्याचा इतका बाऊ करायचा का? की ही असली ठरलेली वाक्यं मुळातच पोकळ असतात? आणि सोडायचं म्हटलं तर इतक्या वर्षांची सवय सुटते कशी?

– एक बाप

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण पत्र अडलंय ते एकाच जागी. तुम्हाला हसू आलं आणि तुमच्या बायकोला आलं नाही, त्या जागी. तिथे मी येणार आहे. त्याआधी तुमच्या वाक्याच्या बाजूने थोडं बोलू द्या. ते पोकळ आहे असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय एखाद्या सवयीची गोडी कशात आहे हे कळल्याशिवाय ती सुटत नाही.

भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट आठवा. वाटेत वाघ आहे, कोल्हा आहे, म्हातारीच्या जिवाशी गाठ आहे. पण मूल कान टवकारून बसलेलं असतं ते एका ओळीसाठी: ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.’ सांगणारा जरा दम घेतो आणि तेवढ्यात मूल ती ओळ स्वतःच म्हणून टाकतं. त्या क्षणापासून ते नुसतं ऐकणारं राहत नाही, गोष्ट सांगण्यात सामील होतं. आपल्याकडचा ‘पालुपद’ हा शब्द मला यासाठीच आवडतो. कडवं गाणारा गातो, पालुपद सगळे मिळून धरतात. ते धरता यावं म्हणूनच ते फिरून फिरून येतं.

जिथे बोलणारा दिसत नाही तिथे तर अशी ओळ हाच त्याचा चेहरा होतो. बीबीसी रेडिओवर १९३९ ते १९४९ या काळात ‘इट्स दॅट मॅन अगेन’ नावाचा विनोदी कार्यक्रम लागायचा. दार वाजायचं, आणि आत कोण आलं हे त्या पात्राच्या ठरलेल्या वाक्यावरून कळायचं. साफसफाईला येणारी मिसेस मॉप ‘कॅन आय डू यू नाऊ, सर?’ म्हणाली की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिची बादलीसुद्धा उभी राहायची. युद्धाचे दिवस होते, उद्याची खात्री नव्हती. अशा वेळी अमुक एक माणूस अमुक एक वाक्य म्हणणारच, या भरवशाचं मोल किती असेल, याचा विचार करा.

आपल्याकडे ‘शोले’च्या (१९७५) नुसत्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि लोकांनी त्या गाण्यांसारख्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. पाठ असलेलं पुन्हा ऐकताना खरं तर कंटाळा यायला हवा, पण येतो आनंद. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वरचेवर समोर येत राहिली तरी ती माणसाला आवडू लागते. म्हणजे ओळखीचं असणं हाच एक गुण ठरतो.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. रोज कानावर आदळणाऱ्या कितीतरी सूचना आपण कधीच गप्पांत आणत नाही. मग काही वाक्यांतच असं काय असतं? २०१२मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे हजार सिनेमांमधले संवाद तपासले. लोकांच्या तोंडी बसलेलं एक वाक्य, आणि त्याच पात्राने त्याच सुमाराला म्हटलेलं, साधारण तेवढंच लांब, पण विसरलं गेलेलं दुसरं वाक्य, अशा जोड्या त्यांनी लावल्या. टिकलेल्या वाक्यांत शब्द जरा अनपेक्षित होते, पण वाक्याची घडण साधी, रोजच्या बोलण्यातली होती. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: ती वाक्यं आपल्या प्रसंगाला घट्ट चिकटलेली नव्हती. तिथून उचलून दुसऱ्या प्रसंगात ठेवता येत होती.

‘मोगॅम्बो खुश हुआ’ (‘मिस्टर इंडिया’, १९८७) या निकषावर घासून पाहा. तीन शब्द, घडण लहान मुलालाही जमेल अशी, आणि नवलाचा शब्द एकच, ते नाव. तेही तो स्वतःबद्दल बोलताना घेतो. निकाल चांगला लागला, मनासारखी बातमी आली, कुठेही बसतं. ‘कितने आदमी थे?’ यात तर एकही वेगळा शब्द नाही, पण कुणी काम बिघडवून परत आलं की ते आपोआप तोंडात येतं. ‘धुमधडाका’मधल्या (१९८५) अशोक सराफांच्या ‘व्याख्या, विख्खी, वुख्खू’ला अर्थच नाही. सगळा जीव आवाजात, त्या ठसक्यात आणि त्या पाइपात. तरीही तीन शब्द उच्चारले की समोरच्या मराठी माणसाचा चेहरा उजळतो.

आणि लोक ही वाक्यं जशीच्या तशी ठेवतात असंही नाही. ‘कासाब्लांका’ (१९४२) या सिनेमात ‘प्ले इट अगेन, सॅम’ असं कुणीच म्हणत नाही. मूळ वाक्य नुसतं ‘प्ले इट, सॅम’ असं आहे. कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथांत ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे प्रसिद्ध वाक्य या रूपात सापडत नाही. म्हणणाऱ्यांनी ती आपल्या जिभेला सोयीची करून घेतली. वाक्य लिहिणारा एक असतो, पण त्याचं पालुपद करतात ते हजारो म्हणणारे. त्यामुळे या वाक्यांना कुणी उथळ म्हटलं की मला ते पटत नाही. भाषा सगळ्यांच्या मालकीची असते हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता तुमच्या बायकोच्या डायलॉगकडे येते, कारण तुमची तक्रार तिथे आहे.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ या वाक्यात पाहिलं तर काय आहे? एका माणसाची चौकशी. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याला त्यात हसण्यासारखं काहीच सापडणार नाही. गंमत आहे ती ओळखण्यात. बायको दारात हे म्हणते तेव्हा ती तुम्हाला काय सांगत असते? की मी आले, माझं मन आज हलकं आहे आणि आता तुझी पाळी. तुम्ही त्यावर पुढचं वाक्य म्हणता, नाहीतर निदान हसता. तिचं वाक्य अर्धंच असतं. उरलेलं अर्धं तिने तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३मध्येच लिहून ठेवलंय, की माणसं पुष्कळदा माहिती द्यायला किंवा घ्यायला बोलतच नाहीत. आपण एकमेकांचे आहोत एवढं जागं ठेवायला बोलतात. ‘काय, कसं काय?’ याला प्रकृतीचा अहवाल कुणी देत नाही. ‘काय आहे ना’, ‘तुला सांगतो’, ‘बघ ना’ या रोजच्या पेरणीचंही तसंच. त्यावरून कुणाला टोकू नये असं माझं मत आहे. त्यात बोलणारा क्षणभर विचार करून घेतो आणि ऐकणाऱ्याला सांगतो, थांब, अजून येतंय.

‘सीआयडी’ ही मालिका १९९८मध्ये सुरू झाली. तिच्यातलं शिवाजी साटमांचं ‘कुछ तो गडबड है’ घ्या. काय करतं ते वाक्य? दार उघडतं. काहीतरी जुळत नाहीये, चला, शोधू या. घरातलं शेंडेफळसुद्धा ते म्हणू शकतं आणि सगळे त्याच्याकडे वळून बघतात.

आता सांगा, ‘विषय संपला’ याला उत्तर काय देता येतं?

मी बराच वेळ विचार केला. मला एकही सापडलं नाही. ‘नाही संपला’ म्हणावं, तर भांडण उकरून काढल्याचा दोष येतो. गप्प बसावं, तर आपलं म्हणणं तिथेच राहतं. तुमचं वाक्य पूर्ण आहे. त्यात दुसऱ्यासाठी काही राखलेलंच नाही. फरक आहे तो इथे. तुमच्या बायकोला पालुपदांचा राग नाही. ती स्वतः त्यांच्यावर प्रेम करणारी आहे, म्हणूनच तिला हे आधी कळलं.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६१मध्ये एक पुस्तक लिहिलं. चीनमध्ये ज्यांची मतं सक्तीने बदलण्याचा प्रयत्न झाला, अशा लोकांशी बोलून ते लिहिलेलं होतं. त्यात त्यांनी एका प्रकारच्या वाक्यांवर बोट ठेवलं: छोटी, घोटून गुळगुळीत झालेली, चटकन तोंडात बसणारी वाक्यं, जी म्हटली की विचार तिथेच थांबतो. तुमच्या घराची तुलना मी त्या परिस्थितीशी करत नाहीये, तसं करणं अन्यायाचं होईल. पण वाक्याची जात तीच आहे. ‘असंच असतं’, ‘लोक काय म्हणतील’, ‘आता काय त्याचं’, ‘मोठ्यांना कळतं’, ही सगळी त्याच घराण्यातली. खोटी नसतील, पण पुढचा प्रश्न गिळून टाकतात.

ती म्हणणाऱ्यालाही फसवतात, हे मला जास्त काळजीचं वाटतं. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श यांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना अनोळखी म्हणी वाचायला दिल्या, काहींना यमक जुळणाऱ्या, काहींना त्याच अर्थाच्या पण यमक मोडलेल्या. यमक जुळलेली म्हण लोकांना जास्त खरी वाटली. आपल्याच भाषेत करून पाहा: ‘गरज सरो, वैद्य मरो’ हे म्हटलं की पटतं. ‘गरज संपो, वैद्य मरो’ म्हटलं की शंका येते. अर्थ तोच, गेलं ते फक्त यमक. ठेका बसला की कान होकार देतो आणि मनाला वाटतं, आपल्याला पटलं. ‘विषय संपला!’ याला यमक नाही, पण शेवटच्या ‘ला’वर पडणारा हात आहे, पूर्णविरामाचा आवाज आहे. इतकी वर्षं तो आवाज ऐकून तुम्हाला स्वतःलाच दर वेळी वाटत आलं असणार, की खरंच संपला. बायकोच्या नोकरीचं ते बोलणं तुम्हाला आठवत नाही, हे त्याचंच लक्षण. तुमच्यासाठी ते त्या दिवशी मिटलं. तिच्यासाठी ते वर्षभर तसंच उघडं पडून आहे.

तुमच्या सीनियरबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन ओळींत आहे. ते काय करायचे? खुर्ची ओढून बसायचे. आधी चूक निस्तरायचे. आणि मग, उठताना, ते वाक्य म्हणायचे. त्याचा अर्थ होता: आता याचं ओझं बाळगू नकोस, मला धन्यवाद देत बसू नकोस, मी हे पुन्हा काढणार नाही. संपवण्यासारखं काहीतरी त्यांनी खरोखर संपवलेलं होतं. नवख्या पोराला किती धीर वाटला असेल! तुम्ही ते वाक्य उचललंत यात नवल काहीच नाही. आपण वाक्य उचलतो तेव्हा खरं तर माणूस उचलायचा असतो. त्यांच्यासारखं व्हायचं होतं तुम्हाला.

मित्रांमध्ये तुम्ही ते जमवलंयही. तिथे तुम्ही आधी मार्ग काढून देता, मग वाक्य येतं, म्हणून ते सगळे मिळून म्हणतात. तिथे ते खरंखुरं पालुपद झालंय. घरी मात्र खुर्ची ओढून बसणं गळलं आणि नुसतं शेवटचं वाक्य उरलं.

माझ्या आईचं पालुपद होतं, ‘बघू या.’ काहीही मागितलं की ‘बघू या.’ लहानपणी आम्हा भावंडांना तो सरळ नकार वाटायचा. मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की दोन-चार दिवसांनी ती स्वतः तो विषय पुन्हा काढायची. कधी हो म्हणायला, कधी नाही का ते सांगायला, पण काढायची नक्की. आमच्या एका नातेवाइकांच्या तोंडीही तेच दोन शब्द होते, आणि तिथे ‘बघू’ म्हटलेली गोष्ट पुन्हा कधी दिसायची नाही. शब्द तेच, पण एका घरात मुलं मागत राहिली आणि दुसऱ्या घरात मागायची थांबली. म्हणून वाक्य वाईट की चांगलं हे मी नुसत्या वाक्यावरून ठरवत नाही. ते म्हणणारा आधी काय करतो आणि नंतर काय करतो, ते पाहते. आणि विषय कुणाचा आहे तेही. ज्याला तो टोचतोय, त्यानेच तो संपल्याचं सांगावं. नोकरीचा विषय तुमच्या बायकोचा होता. तो संपवण्याचा हक्क तुमच्याकडे नव्हता.

आता मुलगी.

मुलं ठरलेली वाक्यं सुटी सुटी करून शिकत नाहीत. अख्खी उचलतात, सूर आणि हातवाऱ्यासकट, आणि ती कोणत्या वेळी वापरायची तेही त्यांना बरोबर कळतं. तुम्हाला ती नक्कल वाटली म्हणून हसू आलं. मला वाटतं ती नक्कल नव्हती. तिने ते वाक्य अगदी नेमक्या जागी वापरलं: मला यावर बोलायचं नाही, मला विचारू नका. या घरात हे वाक्य म्हटलं की पुढचं विचारणं थांबतं, हे ती पाहत आली आहे. तिला लपायला जागा हवी होती आणि तिच्याजवळ सगळ्यात भक्कम दार तेच होतं. तुमची बायको उठून आत गेली, कारण त्या दारामागे आपली मुलगी आहे हे तिला दिसलं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. तिला ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ असं समोर बसवून विचारू नका. तिच्या शेजारी बसून काहीतरी करा, चित्र रंगवणं, कपड्यांच्या घड्या घालणं, जे रोज करता ते. सात वर्षांची मुलं डोळ्यांत डोळे घालून जे सांगत नाहीत ते हात कामात असताना सहज सांगून टाकतात. आणि सुरुवात तुम्ही करा. साधं सांगा: ‘मी विषय संपला असं म्हणतो ना, ते कधी कधी चुकीच्या वेळी म्हणतो. विषय संपलेला नसतो, मलाच बोलायचं नसतं.’ बस, एवढंच. लगेच प्रश्न विचारू नका. मुलांना कबुली ऐकायची सवय नसते, ती पचायला वेळ लागतो.

मग तिला दुसरं वाक्य द्या. दार लावून घ्यायचा हक्क तिलाही आहे, फक्त कडी नको. ‘आत्ता नको, नंतर सांगते’, हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. त्यात नकार आहे आणि वचनही आहे. तिने ते म्हटलं की त्या क्षणी खरोखर थांबा. आणि ‘नंतर’ आल्यावर, झोपताना म्हणा किंवा दुसऱ्या दिवशी, एकदाच, हलकेच विचारा: ‘नंतर झालं का?’ तिने नाही म्हटलं तर पुन्हा थांबा. ती बोलली तर मध्येच उपाय सांगायला जाऊ नका. तुम्ही मित्रांच्या अडचणी पटापट सोडवणारे आहात, तेव्हा तुम्हाला हे जड जाईल. तिचं सगळं सांगून होऊ द्या.

कदाचित काहीच मोठं नसेल, डबा सांडला असेल, मैत्रीण रुसली असेल. पण ती शाळेत जायला टाळाटाळ करत असेल, पोट दुखतंय असं वरचेवर म्हणत असेल, झोपेत दचकत असेल, तर तिच्या सांगण्याची वाट बघत बसू नका. तुम्ही दोघं मिळून तिच्या वर्गशिक्षकांना भेटा.

सवयीबद्दल. ‘आजपासून म्हणणार नाही’ अशी शपथ घेऊ नका. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. ते अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. दाबून ठेवलेलं वाक्यही तसंच नको त्या वेळी उसळतं. दुसरा मार्ग जास्त कामाचा आहे. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये अंगात मुरलेल्या सवयींसाठी एक पद्धत मांडली. आधी सवय उसळण्याच्या अगोदरचा क्षण ओळखायला शिकायचं, आणि त्या क्षणी तिच्या जागी दुसरं काहीतरी करायचं. मुळात ती शारीरिक सवयींसाठी आहे, पण जिभेची सवयही सवयच.

तर तुमचा अगोदरचा क्षण कोणता? माझा अंदाज असा, की समोरच्याचं म्हणणं थोडं खरं वाटू लागतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं, तेव्हा हात झटकला जातो. चुकत असेन तर तुम्ही दुरुस्त करा. आठवडाभर फक्त पाहा. सोडू नका, नुसतं पाहा. वाक्य निघालं की मनात नोंद करा: कोण बोलत होतं, कशाबद्दल, आणि मला काय झालं होतं. तुमचा हात तुम्हाला मदत करेल. वाक्याच्या आधी तो हलतो. हात हलला की समजा, आता येतंय.

आणि जागी ठेवायला वाक्य तितकंच छोटं हवं, त्याच ठेक्यातलं. ‘मला यावर सविस्तर विचार करायला वेळ हवा आहे’ असलं काही ऐन वेळी कुणाच्या तोंडून निघत नाही. मला सुचलं ते सांगते: ‘विषय बाकी!’ तोच हात, तोच झटका, पण दार उघडं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा: आत्ता माझ्याकडे उत्तर नाही, पण हा विषय मी परत काढणार. काढणार तुम्ही, बायको नव्हे. तिने आठवण करून द्यायची वेळ येऊ देऊ नका, नाहीतर हेही वाक्य चार महिन्यांत तसंच गुळगुळीत होईल. हे वाक्य आवडलं नाही तर तुमचं दुसरं शोधा. फक्त ते घरावर लादू नका. बायकोला विचारा, ‘त्याच्याऐवजी काय म्हणू?’ पालुपदांची तिला चांगली जाण आहे. तिला सुचलेलं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा बरं असेल, आणि ते तुम्ही दोघं मिळून म्हणाल.

मित्रांत जुनं वाक्य खुशाल चालू द्या. तिथून काढून टाकायची काही गरज नाही. फक्त एखादा मित्र सोडवता न येणारं दुःख घेऊन आला असेल, तेव्हा जीभ आवरा. तिथे संपवण्यासारखं काही नसतं.

राहिली बायको. तिची माफी मागा, पण त्याआधी तिला एक विचारा: ‘हे वाक्य म्हणून मी तुझे कुठले कुठले विषय बंद केले?’ ती सांगेल. कदाचित लगेच नाही सांगणार, कारण तिला मध्येच तोडलेल्या बोलण्याची सवय झालीये. सांगायला लागली की एकाही गोष्टीचं उत्तर त्या दिवशी देऊ नका. ‘पण तेव्हा असं होतं की’ हे तर अजिबात नको. कागदावर लिहून घेतलंत तरी चालेल. त्यात सगळ्यात वर नोकरीचा विषय असेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तो एका सुटीच्या दिवशी, फोन बाजूला ठेवून, पहिल्यापासून काढा. घर कोण बघणार, मुलीला कोण आणणार, पैसे, वेळ, सगळं. तिची इच्छा आता बदललेली असू शकते, तेही तिच्याच तोंडून ऐका. तुमचे सीनियर करायचे तसं करा: खुर्ची ओढून शेजारी बसा.

आणि मुलीने काय सांगितलं ते मला कळवा. तिने अजून काहीच सांगितलं नसलं, तरी कळवा.

– ताई